बाहेरचा पेला

१. एक नाही, एक जास्त

येव्सेई आजोबांच्या घरात त्या सकाळी एक वस्तू नव्हती आणि एक वस्तू जास्त होती.

नव्हती ती संत निकोलाची तसबीर. कोपऱ्यातल्या देवाच्या फळीवर, मेणबत्त्यांनी काळ्या केलेल्या भिंतीवर, तिच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. जास्त होता तो चहा. दाराजवळच्या बाकावर, मातीच्या पेल्यात.

आजोबांची विधवा सून उल्याना भट्टी पेटवायला उठली. तिनं आधी फळी पाहिली, मग पेला पाहिला. किंचाळली ती पेल्यासाठी.

"चहा! आपल्या घरात चहा!"

बेली क्ल्युच गावातली माणसं जुन्या पंथाची. दोन बोटांनी क्रूस करतात, तंबाखूला शिवत नाहीत, चहाला तर नाहीच. बाहेरच्या माणसाला पाणी द्यायचं तर बाहेरच्या पेल्यातून. तो पेला दाराशी असतो, दाराशीच धुतला जातो, आणि घरातल्या भांड्यांची आणि त्याची आयुष्यात गाठ पडत नाही. त्याच पेल्यातून मी वर्षानुवर्षं पाणी प्यालो आहे. पाणी चांगलं असतं.

मी सफियुल्ला. तातार. टपालाच्या ठाण्यावरचा गाडीवान. त्या सकाळी जमीनवाल्या साहेबाला घेऊन मीच आजोबांच्या दारात गेलो होतो, म्हणून हे सगळं उंबऱ्यातून पाहिलं.

साहेबाचं नाव पावेल आर्काद्येविच. गावाची जमीन कुठे संपते आणि इथल्या मूळच्या बुर्यात लोकांची कुठे सुरू होते, ती रेघ मारायला तो आला होता. त्यानं फळी पाहिली, लांबूनच पेला पाहिला.

"चोरीला गेली?"

"फळीवर नाही," आजोबा म्हणाले.

"कुणी नेली?"

"देव बघतो."

"देवाला त्रास कशाला? दुधाचा चहा. बाहेरचा पेला. या घरात पहाटे येणारा बाहेरचा माणूस कोण?"

तेवढ्यात अंगणात घोड्यांच्या टापा वाजल्या. गावाचे घोडे रात्रभर कुरणात राखून, रोजच्यासारखा सांदाक बुर्यात ते परत घेऊन आला होता.

साहेबानं त्याच्याकडे बोट केलं. बांधायला दोरी माझ्याच गाडीतली घेतली.

२. घोडे नाहीत

"घोडे नाहीत," माझी मालकीण म्हणाली.

"तबेल्यात चार दिसतात."

"आजारी आहेत."

"चारही?"

"एकमेकांचं बघून पडले, साहेब. संध्याकाळपर्यंत काही हलत नाहीत."

ठाण्याची मालकीण फ्रुमा लेइबोव्ना. ज्यू. तिच्या बापाला लहानपणी उचलून फौजेत घातलं होतं. पंचवीस वर्षांनी सोडलं ते इथे, बैकाल सरोवराच्या पलीकडे. साम्राज्य आमच्याकडे असंच वाढलं. दलदल बुजवायला नको असलेले दगड टाकतात, तशी झारनं नको असलेली माणसं टाकली. आधी जुन्या पंथाची, मग पोलंडची, मग ज्यू, मग आम्ही. दलदल रिकामी मात्र नव्हती. तिथे सांदाकचे पणजोबा घोडे चारत होते.

आणि सगळ्या दगडांना आपापली भांडी. मालकिणीकडे दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. मी डुकराच्या भांड्याला शिवत नाही. जुन्या पंथाचे आम्हा कुणालाच शिवत नाहीत. एकटा साहेब कुणाच्याही भांड्यातून काहीही पितो. म्हणूनच बहुतेक त्याला सगळंच आपलं वाटतं.

"संध्याकाळी याला जिल्ह्याच्या तुरुंगात पोचवायचं," साहेब म्हणाला. "आणि चोरांच्या जमातीला नदीकाठचं कुरण कशाला? ती रेघ आता सोपी झाली."

तो खोलीत जाऊन झोपला. मालकीण ओट्यावर बसून राहिली.

"साफी, सांदाक तुरुंगातून परत येईल का रे?"

"त्याचा मामा गेला होता," मी म्हटलं. "टोपी परत आली."

"आणि कुरण गेलं तर त्याच्या माणसांचे घोडे हिवाळ्यात काय खाणार?"

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी दिलं नाही.

"काल साहेबाला आजोबांकडून तूच आणलंस. वाटेत काय बडबडत होता?"

"तसबिरीचं. कसलं जुनं काम आहे, इथे धुरात सडतंय, माझ्या काचेच्या कपाटात शोभेल. हसत होता. म्हणाला, म्हातारा उद्या सकाळी काय म्हणतो बघू."

मालकीण उठली.

"चल. आधी तुरुंगात जाऊ."

तुरुंग म्हणजे आमची खोगीरं ठेवायची खोली.

३. खोगिरांच्या खोलीत (नुसतं बोलणं)

"सांदाक, चहा घेशील?"

"घेईन की, मालकीणबाई. हात तेवढे पुढे बांधलेत, साहेबाचे उपकार."

"साफी, माझा पेला दे त्याला."

"नको नको. माझं आहे."

"कुठे?"

"इथे. छातीशी. अंगरख्यात हात घाल रे साफी, गुदगुल्या करू नकोस. हं. हे."

"हे लाकडी वाडगं कायम जवळ असतं?"

"मग? माणूस आपलं वाडगं कुठे सोडतो का? लग्नाला न्यायचं, देवळात न्यायचं. आता तुरुंगातही."

"आजोबांकडे कधी त्यांच्या बाहेरच्या पेल्यातून प्यालास?"

"तो? दुसऱ्यांनी ओठ लावलेला? शी. साफी पितो त्यातून."

"मी पितो तर शी काय?"

"तुझं तुला ठाऊक, बाबा. मी नाही पीत."

"साहेब म्हणतो, तू रोज त्या तसबिरीपुढे हात जोडतोस. म्हणून तुझा तिच्यावर डोळा होता."

"जोडतो. बाबा निकोला म्हणजे आमचा पांढरा म्हातारा देवच, दाढी तीच, नजर तीच. त्यांच्याकडे राहतो, एवढंच. पण देव चोरून काय करू? घरी नेला तर बायको त्यालासुद्धा शेण गोळा करायला लावेल."

"हसतोस काय? संध्याकाळी तुला नेणार आहेत."

"माहीत आहे, मालकीणबाई. म्हणून आत्ता हसून घेतो."

४. पेला

आम्ही आजोबांच्या घरी गेलो. दुपार झाली होती आणि पेला अजून तिथेच होता, दाराजवळच्या बाकावर, बर्चच्या सालीच्या झाकणाशेजारी, जिथे तो नेहमी असतो तिथेच.

"कुणी हलवला?"

"अगं बाई! चहाला कोण हात लावेल?" उल्याना पदराला हात पुसत म्हणाली. तिनं पेल्याला शिवलंही नव्हतं, तरी पुसत होती.

"सकाळी तुम्ही पाहिला तेव्हा इथेच होता? टेबलावर नाही?"

"टेबलावर? देवाखाली? बाहेरचा पेला?" तिनं क्रूस केला. "तसं असतं तर टेबलच जाळलं असतं."

मालकिणीनं अंगणातली काडी उचलली आणि पेल्यात घातली. दुधावर साय धरली होती, सायीवर तपकिरी डाग आणि काळा चुरा. काडी साय फोडून आत गेली. तळाशी खट्ट वाजलं.

तिनं काडीनं ते वर ढकललं. विटेच्या चहाचा, म्हणजे दाबून विटेसारख्या थापलेल्या चहाचा, तुकडा. अक्रोडाएवढा. कडा अजून धारदार.

"हा चहा तुमच्याकडे आला कुठून?"

"घोडे राखायचा मोबदला म्हणून सांदाकला चहाच्या विटा देतात मामंजी. बाहेरच्या गोठ्यात असतात. घरात नाही हं!"

मालकिणीनं मला जवळ बोलावलं. "नीट बघ, साफी."

मी बघितलं. दूध, साय, चहाचा तुकडा. मला काहीच दिसलं नाही.

५.

तुम्हाला दिसलं?

६. एकच प्रश्न, तीन वेळा

मालकिणीनं घरातल्या तिघांनाही एकेकटं गाठलं आणि एकच प्रश्न विचारला. मला वाटलं, ऊन लागलं हिला. कारण प्रश्न होता: चहा कसा करतात?

त्रिफोन, आजोबांचा धाकटा मुलगा, कुंपणावर बसून विळ्याला धार लावत होता. नदीकाठच्या कुरणावर सगळ्यात मोठा डोळा त्याचाच. रेघ सरकली की गवत त्याचं.

"मला काय ठाऊक? आम्ही पीत नाही."

"बरं. सांदाकला द्यायचाय, मलाही नीट जमत नाही. आधी दूध तापवते, मग त्यात मीठ..."

"अहो, आधी पाणी! वीट कुटायची, पाण्यात काळीकुट्ट होईपर्यंत उकळायची, दूध मागाहून. दूध आधी घातलं तर..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "असं ऐकलंय."

"बाजाराच्या दिवशी माझ्या ठाण्याच्या मागच्या दाराशी ऐकलं असशील."

"बाबांना सांगू नका."

"तसबीर गेली याचं वाईट वाटतंय का, त्रिफोन?"

"वाटतं. पण फळीवर दुसरी येईल. कुरण दुसरं येत नाही. बाबांना कळत नाही हे. कंजूस माणूस, स्वतःची शवपेटी कोरून माळ्यावर ठेवलीय, तर ती रिकामी राहू नये म्हणून तिच्यातसुद्धा घोड्यांचे दाणे, ओट, भरून ठेवलेत. आणि साहेब एवढं चांगलं बोलत होता, तर बाबांना काल त्याला नीट उत्तर देववत नव्हतं."

उल्याना विहिरीवर होती.

"चहा? हळू बोला की!" ती कुजबुजली. "माझ्या माहेरी शिरला होता तो. आजी कुटायची, आई उकळायची, आजोबा शिव्या द्यायचे आणि शेवटचा घोट त्यांचाच. उकळी फुटली की कसला वास सुटतो! इथे लग्न करून आले आणि संपलं." तिनं बादली भरली. "सांदाकला खरंच नेणार हो? तो मला घरातला माणूस वाटतो. म्हणजे, दारातला."

आजोबा घरात होते. ऐंशीच्या पुढचे, बेंबीपर्यंत दाढी. रिकाम्या फळीकडे तोंड करून उभे होते, पण प्रार्थना करत नव्हते. हातातली चामड्याची माळ नुसती लोंबत होती.

"ये, लेइबाच्या लेकी. उंबऱ्यात बस."

"आजोबा, चहा कसा करतात?"

ते एवढे दचकले की दाढी हलली.

"मला कशाला विचारतेस? माझ्या ओठाला लागला नाही कधी."

"म्हणूनच विचारते."

"कसा करणार? भांड्यात टाकतात, वर दूध ओततात, झालं. पाप करायला वेळ कितीसा लागतो!"

मालकीण उठली, त्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली. तिचा चेहरा पाहून मी विचारलं, "काय झालं?"

"आता मला रडावं की हसावं ते कळत नाही," ती म्हणाली.

७. हे प्रकरण माझ्या घोड्यांचं

आमची गाडी आजोबांच्या अंगणात उभी होती. परत जायला निघालो तर घोडे मान वर करेनात. तोंड द्रोणीत. द्रोणी ओटांनी काठोकाठ भरलेली.

"कुणी घातले?" मी विचारलं.

"मामंजींनीच," उल्याना म्हणाली. "सकाळपासून आल्यागेल्याच्या घोड्याला घालतायत. कोंबड्यांनासुद्धा घातले. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना?"

येव्सेई आजोबा. परक्याच्या घोड्याला. ओट. या गावात मी वीस वर्षं येतोय. या अंगणात माझ्या घोड्यांना वारासुद्धा मोजून मिळतो.

मी मूठभर ओट उचलले. घोड्याच्या पोटात काय जातंय ते गाडीवान बघतोच. ओटात लाकडाच्या कुरळ्या पापुद्र्या होत्या. ताज्या देवदाराच्या. वास घेतला तर राळेचा.

"मालकीण," मी म्हटलं, "हे ओट कणगीतले नाहीत."

तिनं पापुद्री बोटावर घेतली. मग घराच्या माळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की घोड्यांपुढे मी लाजलो.

"साफी, गावात सांग. संध्याकाळी सगळ्यांनी ठाण्याच्या अंगणात यायचं. बुर्यातांनाही बोलाव. आणि साहेबाला म्हणावं, घोडे बरे होतायत."

८. ठाण्याच्या अंगणात

सगळे आले. एका बाजूला जुन्या पंथाचे, दुसऱ्या बाजूला बुर्यात, मधे आमची खत वाहायची गाडी. सांदाक खांबाशी. साहेब ओट्यावरच्या एकुलत्या खुर्चीत, हातात मालकिणीचा दुधाचा पेला आणि दुसऱ्या हातात सॉसेज. मालकिणीनं डोळे मिटून घेतले. उद्या तो पेला फोडावा लागणार होता.

"साहेब, सांदाकला नेण्याआधी एक शंका. चोरानं चहा पिऊन पेला कुठे ठेवला?"

"बाकावर. सगळ्यांनी पाहिला."

"बाकावर म्हणजे त्याच्या जागेवर. चोर घरात शिरलाय, घाईत आहे, देवाखाली उभा आहे. पुढ्यात टेबल आहे. तुम्ही असता तर पेला कुठे ठेवला असतात?"

साहेबानं हातातला पेला जिथे हात गेला तिथे टेकवला. आमच्या पीठ मळायच्या पाटावर. मालकिणीनं पुन्हा डोळे मिटले.

"बघा. बाहेरचा माणूस असा ठेवतो. माझ्या घरात दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. अंधारात, तापात, बाप गेला त्या दिवशीसुद्धा माझा हात चुकला नाही. हाताला सवय लागली की डोकं खोटं बोललं तरी हात बोलत नाही. बाहेरचा माणूस येऊन गेला असं दाखवायचं होतं कुणाला तरी. पण बाहेरचा पेला देवाच्या टेबलावर ठेवायला त्याचा हात वळला नाही."

जुन्या पंथाच्या बाजूची कुजबुज थांबली.

"दुसरं. सांदाक, तुझं वाडगं दाखव."

मी त्याच्या अंगरख्यातून वाडगं काढून उंच धरलं. पलीकडून सगळ्या बुर्यातांनी आपापल्या छातीवर थाप मारली. प्रत्येक छातीत लाकूड वाजलं.

"यांच्यातला कुणी दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावत नाही. तुम्हाला वाटतं, सगळे बाहेरचे बाहेरच्या पेल्यातून पितात. असं वाटणारा माणूस बाहेरचा नसतोच. घरातला असतो."

"त्रिफोन!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "कुरणासाठी!"

"मी नाही!" त्रिफोन ओरडला. "आईशप्पथ!"

"नाही. त्रिफोन नाही," मालकीण म्हणाली. "कारण तिसरं. पेल्यातला चहा पिण्यासारखा नव्हताच. गार दुधात विटेचं अख्खं ढेकूळ टाकलेलं. कुटला नाही, उकळला नाही. पाण्याचा थेंब नाही. या नदीपासून त्या डोंगरापर्यंत असा चहा कुणी करत नाही. त्रिफोनला चहा कसा करतात ते ठाऊक आहे..."

"असं ऐकलंय!" त्रिफोन म्हणाला.

"...उल्यानाला ठाऊक आहे. पोरासोरांना ठाऊक आहे. चहा कसा होतो हे ज्याला खरंच ठाऊक नाही, असा या सगळ्या मुलखात एकच..."

तिनं वाक्य तिथेच सोडलं.

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू एकटं पडलं. माना हळूहळू वळल्या. येव्सेई आजोबा काठीवर भार देऊन उठत होते.

"पुरे, लेइबाच्या लेकी. बाकीचं माझं आहे."

९. आजोबा

"मी ठेवला पेला. तसबीर मीच उतरवली. माझ्या शवपेटीत आहे, ओट काढून ठेवली, स्वच्छ कापडात."

"बाबा!" त्रिफोन म्हणाला.

"चोरी झाली असं मी म्हटलं नाही. खोटं बोललो नाही." ते सांदाककडे वळले. "पण खोटं मांडून ठेवलं. ते बोलण्याहून वाईट. मला वाटलं, बाहेरचा म्हणतील. कुणीतरी पळालेला कैदी, आला आणि गेला. बाहेरचा म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे चेहराच येत नाही. एवढी वर्षं तू रोज दारात येतोस, आणि चेहरा आला नाही."

"मग सकाळीच का नाही बोललात?" हे उल्यानानं विचारलं. सुनेनं सासऱ्याला असं विचारलेलं मी त्या गावात पहिल्यांदा ऐकलं.

"बोललो असतो तर तसबीर जात होती. नाही बोललो तर सांदाक. दिवसभर घोडे निघाल्याचा आवाज येतो का ऐकत बसलो. वाटत होतं, आवाज आला की जाईन."

"गेला असतात?" मालकिणीनं विचारलं.

आजोबांनी काठी जमिनीत रुतवली. "ते तू विचारायचं नव्हतंस."

साहेब खुर्चीत पुढे सरकला. दमदार आवाजात म्हणाला, "म्हणजे सरकारी माणसाची फसवणूक! ती तसबीर मी ताब्यात..."

"साहेब, एक मिनिट," मालकीण गोड आवाजात म्हणाली. "आजोबा, स्वतःचा देव कुणी उगाच लपवत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणून एवढंच सांगा. तसबीर कुणी मागितली होती का? आणि तिच्या बदल्यात काय देतो म्हणाला होता?"

दोन्हीकडची माणसं आजोबांकडे बघत होती. आजोबांनी तोंड उघडलं.

साहेब त्यांच्याआधी उभा राहिला. सॉसेज खाली पडलं.

"सापडली ना वस्तू? सापडली. घरातली बाब आहे. वयस्कर माणूस, होतं असं. सोडा त्या माणसाला, कुणी बांधून ठेवलंय त्याला?"

"तुम्ही, साहेब," मी म्हटलं.

"मग सोड!"

"आणि रेघ?" हा आवाज बुर्यातांच्या बाजूनं आला. सांदाकची म्हातारी आई होती.

"कसली रेघ?"

"कुरणाची," मालकीण म्हणाली. "आजोबांना विचारू या का, काल रेघेबद्दल काय बोलणं..."

"रेघ जिथे आहे तिथेच आहे! सगळ्यांसमोर सांगतो. जुने दगड, तीच रेघ. झालं? बाई, घोडे!"

"बरे झाले, साहेब. चारही. एकमेकांचं बघून."

मी त्याला तासाभरात पुढच्या ठाण्यावर पोचवलं. इतका चांगला रस्ता मला कधी लागला नव्हता.

१०. वाडगं

परत आलो तेव्हा अजून उजेड होता आणि कुणीच घरी गेलं नव्हतं. मधली खताची गाडी कुणीतरी बाजूला ओढली होती. उल्यानानं घरून पाव आणले होते, मालकिणीनं मोठा हंडा चढवला होता, सांदाकची आई कुणालाही न विचारता त्यात मीठ घालत होती. त्रिफोन हंड्यापासून बरोब्बर इतक्या अंतरावर उभा होता की वास यावा आणि आळ येऊ नये.

"कुरण गेलं," तो मला म्हणाला.

"आपलं होतं कधी?" आजोबा मागून म्हणाले. त्रिफोन रडवेला मात्र नव्हता. बापाला शवपेटीत देव ठेवताना कल्पून तो मधेच हसतही होता.

आजोबा सांदाकपुढे जाऊन उभे राहिले. त्याच्या मनगटावर दोरीचे वळ होते.

"माझ्या पेल्यानं तुला बांधलं," ते म्हणाले. "प्रायश्चित्त घेतल्याशिवाय मला झोप यायची नाही. तुझं वाडगं दे. त्यातून पितो."

जुन्या पंथाच्या बायकांनी एकदम श्वास घेतला. कुणीतरी "देवा" म्हणालं. आजोबांचा हात पुढे आलेला होता. ऐंशी वर्षांचं सगळं सोवळं त्या हातात होतं.

सांदाकनं दोन्ही हातांनी वाडगं छातीशी धरलं.

"छे छे, आजोबा! हे कसं देणार? हे माझं वाडगं आहे. मी बायकोलासुद्धा देत नाही."

आधी सांदाकची आई हसली. मग उल्याना. मग सगळं अंगण. आजोबांचा हात तसाच पुढे होता. चेहऱ्यावर मात्र मी काय पाहिलं सांगू? सुटका. मोठ्या ओझ्याखालून निघालेल्या घोड्याची असते तशी. ते मटकन बाकावर बसले.

"मग मी कशातून पिऊ?"

"तुमच्यातून. घरून आणा," सांदाक म्हणाला. "मी माझ्यातून पितो, तुम्ही तुमच्यातून. शेजारी बसू."

आजोबांनी उल्यानाला घरी पाठवलं. तिनं त्यांचा लाकडी कप आणला. त्यांनी त्यात विहिरीचं पाणी घेतलं, चहा नाही, आणि सांदाकशेजारी बसून प्यायले. तसबीर त्याच संध्याकाळी फळीवर परत गेली. काजळीतल्या चौकोनात अगदी बसली. तिच्यापुढे हात जोडायला सांदाक दारातच थांबला, तेव्हा उल्यानानं त्याला "आत ये की" म्हटलं. आजोबांनी ऐकलं आणि सरकून वाट दिली.

पण ते नंतर. तेव्हा अंगणात हंडा उकळत होता, वास सुटला होता, आणि आजोबा नाक तिकडे न वळवायचा प्रयत्न करत होते. शेवटी त्यांनी मालकिणीला हाक मारली.

"लेइबाच्या लेकी, इकडे ये. हा चहा उकळायचा तरी किती?"

"प्यायला विचारताय?"

"छे! पुढच्या वेळी चूक नको म्हणून."